घराजवळचं किराणा दुकान टिकतं कशावर? संत तुकाराम नगरातल्या गल्ल्यामागचं गणित

संत तुकाराम महाराज दुकानदार होते, हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पण लक्षात राहत नाही. देहूतल्या त्यांच्या घरात महाजनकी होती, व्यापार होता, सावकारी होती. कमी वयातच हा सगळा व्याप तुकोबांच्या अंगावर पडला. मग १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ आला. पहिली बायको आणि मुलगा गेले, लोकांकडची येणी अडकली आणि धंद्याचं दिवाळं निघालं. पुढे तुकोबांनी घरातली कर्जखतं बाहेर काढली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं त्यांची चरित्रं सांगतात.

त्याच तुकोबांच्या नावाचं एक नगर देहूपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, पिंपरीत आहे. संत तुकाराम नगर. इथेही चौकाचौकात घरचीच माणसं चालवतात अशी दुकानं आहेत : किराणा, डेअरी, पिठाची गिरणी, स्टेशनरी, मेडिकल, इस्त्रीवाला. यातल्या किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ आजही एक वही सापडते. तिच्यात तुमचं, माझं, शेजाऱ्यांचं नाव असतं आणि नावापुढे रक्कम असते.

ही वही इंद्रायणीत बुडवायची सोय आजच्या दुकानदाराला नाही. कारण त्याला स्वतःला डिस्ट्रिब्युटरचे पैसे द्यायचे असतात, गाळ्याचं भाडं द्यायचं असतं.

'लोकल दुकानांना सपोर्ट करा' अशी पोस्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फॉरवर्ड केलेली असते. पण अशी दुकानं नेमकी चालतात कशी, अडचणीत कशामुळे येतात आणि आपण केलेल्या कोणत्या गोष्टीने त्यांना खरंच फरक पडतो, हे फारसं कोणी सांगत नाही. तेच आज समजून घेऊ.

पगाराच्या तारखेवर चालणारा बाजार

पिंपरी-चिंचवडचा बाजार पुण्याच्या पेठांसारखा शेकडो वर्षांत घडलेला नाही. तो कारखान्यांच्या मागोमाग आला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि इथे पेनिसिलिन बनू लागलं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को, बजाज यांच्यासारखे कारखाने आले. कारखान्यांपाठोपाठ सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून माणसं आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली.

बाहेरगावाहून आलेल्या कामगाराला पहिल्या महिन्यात सगळ्यात आधी काय लागतं? खोली आणि किराणा. खोलीला डिपॉझिट लागतं. किराण्याला ओळख पुरते. 'कुठे कामाला आहेस? बरं, पगार झाला की दे.' एवढ्या दोन वाक्यांवर खातं उघडलं जायचं. पगाराची तारीख ७ असेल तर दुकानात ८ तारखेला गर्दी, १० असेल तर ११ ला. महिनाभराची यादी, मागची उधारी चुकती आणि नवी वही सुरू.

संत तुकाराम नगराची आणखी एक खासियत आहे. महापालिकेचं सर्वात मोठं रुग्णालय, म्हणजे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी 'वायसीएम', इथेच आहे. डी. वाय. पाटील यांचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, वल्लभनगरचं एसटी स्टँड जवळ आहे. म्हणजे इथे कॉलनीतल्या गिऱ्हाइकांबरोबरच बाहेरून आलेली, घाबरलेली, हातात एकच पिशवी असलेली माणसंही रोज येतात. पेशंटला अचानक अ‍ॅडमिट केलं की बादली, मग, चप्पल, थर्मास, बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, सगळं एकदम लागतं. आणि मुख्य म्हणजे 'वॉर्ड कुठल्या बाजूला?' हे सांगणारं कोणीतरी लागतं.

ती वही म्हणजे पाट्या न लावलेली बँक

उधारीच्या वहीकडे आपण दुकानदाराची मेहरबानी म्हणून बघतो. खरं तर ते कर्ज असतं. बिनव्याजी, बिनकागदाचं, आणि बँकेला न दिसणारं.

औद्योगिक पट्ट्यात पैसे कसे फिरतात ते बघा. मोठी कंपनी सुटे भाग बनवून घेते भोसरी किंवा चाकणच्या छोट्या वर्कशॉपकडून. कंपनीने बिल उशिरा दिलं की वर्कशॉपवाल्याचा हात आखडतो. त्याने कामगाराचा पगार लांबवला की कामगार दुकानात येऊन म्हणतो, 'काका, पुढच्या आठवड्यात देतो.' काका 'बरं' म्हणतात. आता काकांनी कोणाला सांगायचं? डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन मागचं बिल मिटल्याशिवाय नवा माल टाकत नाही.

म्हणजे वरच्या टोकाला झालेला उशीर साखळीतून खाली येतो आणि शेवटी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर येऊन थांबतो.

यात कायद्याची एक गंमत आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. वर्कशॉपवाल्याकडे निदान कागदावर हे हत्यार आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये 'उद्यम' नोंदणी खुली झाली, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. आणि कॉलनीतल्या गिऱ्हाइकावर तर असा काही कायदा लागूच होत नाही. तिथे फक्त शब्द चालतो.

या शब्दाची किंमत वाईट काळात कळते. २०१० नंतरच्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधल्या कामगारांचे पगार महिनोन्‌महिने रखडले होते. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा या पट्ट्यातल्या कारखान्यांत 'ब्लॉक क्लोजर' लागले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ऑनलाइन किराण्याचे स्लॉट मिळत नव्हते आणि शटर अर्धं उघडून किराणावालेच माल देत होते. अशा महिन्यांत घरातली चूल पेटती ठेवणाऱ्या गोष्टींत ती वही असते. अ‍ॅपवर 'पगार झाला की देतो' असं बटण नसतं. 'पे लेटर' असतं, पण त्याला तुमचा क्रेडिट स्कोअर लागतो आणि हप्ता चुकला तर दंड लागतो.

आता गल्ल्याचं गणित

दुकान चालण्यासाठी किती धंदा लागतो? एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्येक दुकानाचे वेगळे असतील.

समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आहे. पॅकबंद मालावर थोडं जास्त, साखर-तेलावर कमी, दुधाच्या पिशवीवर अगदीच किरकोळ, असं धरून सरासरी १० टक्के सुटतात. म्हणजे हातात आले ३० हजार. त्यातून गाळ्याचं भाडं १० हजार, फ्रीजसकट लाइट बिल ४ हजार, एक्सपायरी, सांडलवंड, उंदीर वगैरे २ हजार, माल आणायचा टेम्पो १ हजार. खर्च झाला १७ हजार. उरले १३ हजार. त्यात नवरा-बायको दोघांचे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंतचे कष्ट आले.

आता यातल्या फक्त ४० कुटुंबांनी महिन्याची ३ हजारांची यादी मोठ्या दुकानातून किंवा अ‍ॅपवरून भरायला सुरुवात केली. विक्री घटली १ लाख २० हजारांनी. सुटणारे पैसे घटले १२ हजारांनी. भाडं तेवढंच, लाइट बिल तेवढंच. १३ हजारांतले उरले १ हजार.

लक्षात घ्या, त्या ४० कुटुंबांपैकी कोणीच दुकान सोडलेलं नाही. ते अजूनही येतात. कोथिंबिरीची जुडी, दहाचा चहाचा पुडा, रात्री साडेनऊला दुधाची पिशवी, सुटे पैसे, कुरिअर ठेवून घेणं, हे सगळं चालूच आहे. दुकानात वर्दळ दिसते, म्हणून आपल्याला वाटतं की काकांचं बरं चाललंय.

खरी गोम इथेच आहे. आपण दुकानाला आपल्या घाईगडबडीतलं उरलंसुरलं देतो आणि यादी दुसरीकडे देतो. दुकान मात्र यादीवर जगतं. पंचवीस रुपयांच्या फुटकळ खरेदीतून फ्रीजचं लाइट बिलही निघत नाही.

दुसरी बाजूही बघू. समजा, ३ हजारांच्या यादीवर प्रत्येक घराचे १५० रुपये वाचले. ही बचत खरी आहे. ज्या घरात एकच पगार येतो, तिथे १५० रुपये ही चेष्टा नाही. म्हणून 'स्वस्त मिळतं तिथे जाऊ नका' असं कोणी सांगू नये.

दहा मिनिटांत येणारं दुकान

पहिला धक्का मॉलचा होता. डी-मार्टने २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान उघडलं आणि पुढे महिन्याची यादी कार्टमध्ये भरायची सवय महाराष्ट्रभर पसरली. पण मॉल लांब होता. फुटकळ खरेदी तरी नाक्यावरच्या दुकानाकडे राहत होती.

दुसऱ्या धक्क्याने तीही हलली. स्विगीचं इन्स्टामार्ट २०२० मध्ये सुरू झालं, झेप्टो २०२१ मध्ये आलं, ग्रोफर्सने त्याच वर्षाच्या शेवटी नाव बदलून ब्लिंकिट केलं आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ते विकत घेतलं. यांची 'डार्क स्टोअर्स' असतात. म्हणजे गिऱ्हाईक आत येत नाही अशी गोदामं, वस्तीच्या जवळ. पाटी नाही, गल्ला नाही, गप्पा नाहीत. ऑर्डर पडली की माल उचलायचा आणि रायडरच्या हातात द्यायचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन या वितरकांच्या संघटनेने दावा केला की वर्षभरात देशातली सुमारे २ लाख किराणा दुकानं बंद पडली. हा दावा व्यापारी बाजूचा आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचायला हवा. पण तक्रारीचा मुद्दा नीट समजण्यासारखा आहे. गुंतवणूकदारांच्या पैशांवर तोटा सोसून माल स्वस्त विकायचा, शेजारची दुकानं बंद पडली की भाव वाढवायचे, अशी ही भीती आहे. वर्चस्व असलेल्या कंपनीने असं केलं तर स्पर्धा कायदा, २००२ त्याला मनाई करतो. पण ते सिद्ध व्हायला काही वर्षं जातात, आणि किराणा दुकानाकडे दोन-तीन महिन्यांची शिल्लकही नसते.

परकीय गुंतवणुकीचेही नियम आहेत. परकीय पैसा असलेल्या ई-कॉमर्स कंपनीने फक्त बाजारपेठ पुरवायची, स्वतःच्या मालकीचा माल विकायचा नाही, असं धोरण आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ते आणखी कडक झालं. तरी प्रत्यक्षात सवलतीचा पैसा नेमका कोणाच्या खिशातून जातो, यावर वाद चालूच आहे.

पण दुकानदार काय साधुसंत होते का?

प्रामाणिकपणे बोलायचं तर नाही. मापात मारणं, डाळीत खडे, टंचाईत माल दडवणं, या गोष्टी मराठी घरांनी भरपूर सोसल्या आहेत. म्हणून तर १९४८ मध्ये मुंबईत कामगार वस्तीत 'अपना बाजार'सारखं सहकारी भांडार उभं राहिलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची घरं एकत्र येऊन घाऊक भावात माल घेऊ लागली आणि आपसात वाटून घेऊ लागली.

म्हणजे दुकानदाराला वळसा घालून जाण्याची परंपरा आपल्याकडे अ‍ॅपच्या कितीतरी आधीची आहे. फरक एवढाच की तेव्हा वाचलेला पैसा त्याच वस्तीत राहत होता.

आजही काही दुकानांत बिल मागितलं की तोंड वाकडं होतं, थंड बाटलीला एमआरपीपेक्षा दोन रुपये जास्त लावले जातात, एक्सपायरी उलटलेला पुडा पुढे सरकवला जातो. एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे, मग दुकान कितीही ओळखीचं असो. सपोर्ट करायचा म्हणजे या गोष्टी खपवून घ्यायच्या, असा अर्थ होत नाही.

भाडं, रीडेव्हलपमेंट आणि पुढची पिढी

स्पर्धा सोडली तरी तीन प्रश्न उरतात.

पहिला, जागा. गाळा स्वतःचा असेल तर दुकान वाईट वर्षही काढतं. 'लिव्ह अँड लायसन्स'वर असेल तर करार संपला की मालकाच्या मर्जीवर. ६ मार्च २०२२ ला पुणे मेट्रोचा पिंपरी ते फुगेवाडी टप्पा सुरू झाला आणि 'संत तुकाराम नगर' हे मेट्रो स्टेशन झालं. रहिवाशांची सोय झाली, घरांना भाव आला. पण स्टेशनजवळच्या गाळ्याचा भाव वाढला की भाड्याने बसलेल्या छोट्या दुकानदाराला धडकी भरते.

दुसरा, रीडेव्हलपमेंट. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतात तेव्हा दोन-तीन वर्षं दुकान कुठे मांडायचं? तेवढ्या काळात गिऱ्हाइकांच्या सवयी बदलतात. मालकीचा गाळा असेल तर करारात जागा मिळते. भाडेकरू असेल तर बहुतेक वेळा तीही नाही.

तिसरा, पुढची पिढी. काकांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, मुलगी शिकतेय. सोळा तास उभं राहून १३ हजार मिळवायला मुलांनी का यावं? आणि यात वाईट काहीच नाही. त्या गल्ल्यावरच तर त्यांचं शिक्षण झालं. बरीच दुकानं तोट्यामुळे बंद होत नाहीत. काकांचे गुडघे दुखू लागतात आणि एक दिवस शटर उघडत नाही.

मग आपण करायचं काय?

सगळी खरेदी एका दुकानातून करा, असा उपदेश कोणी पाळत नाही. पाळता येतील अशा गोष्टी या :

यादीचा एक भाग ठरवून द्या. सगळी नको, पण डाळ-तांदूळ-पीठ किंवा साबण-सोडा, असा एखादा भाग दर महिन्याला न चुकता द्या. दुकानदाराला महिन्याला १ हजारांची खात्रीची यादी ही अधूनमधून होणाऱ्या ३ हजारांच्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्या भरवशावर तो माल भरू शकतो.

उधारी तारखेला द्या. सर्वात मोठा सपोर्ट हाच. जमत नसेल तर आधी सांगा, अर्धी द्या. ज्यांचा पगार वेळेवर होतो त्यांनी तर वहीत नाव ठेवूच नये. ती सोय ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी मोकळी राहू द्या.

भाव विचारा. 'काका, हेच तेल तिकडे वीस रुपयांनी स्वस्त आहे' असं तोंडावर सांगा. कधी ते कमी करतील, कधी कारण सांगतील. न सांगता गेलेलं गिऱ्हाईक का गेलं, हे दुकानदाराला कधीच कळत नाही.

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. संध्याकाळी सामान घरी पोचवणारी दुकानं आजही बरीच आहेत.

दुकानदारांनाही थोडं बदलावं लागेल. बिल द्यायचं, तारखा तपासायच्या, यूपीआय ठेवायचं, हिशेब लिहून ठेवायचा. फक्त मालाचा धंदा असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला १ टक्का कर भरून सुटता येतं. मुद्रा योजनेतून विनातारण कर्ज मिळतं. पण बँक कागद मागते, आणि उधारीच्या वहीला बँक कागद मानत नाही. ज्याचे व्यवहार खात्यात दिसतात त्यालाच पुढचा फ्रीज कर्जावर घेता येतो.

एवढं करूनही सगळी दुकानं टिकतील का? नाही. काही बंद होतील, काहींच्या जागी डेअरी किंवा मोबाइलचं दुकान येईल. पण कोणतं दुकान टिकेल, हे ठरवण्यात आपला हात वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. वरच्या हिशेबात दुकान बंद पाडायला ४० घरं पुरली. म्हणजे ते चालू ठेवायलाही साधारण तेवढीच लागतात. तुमच्या दोन इमारतींत तेवढी घरं असतील.

पुढच्या पगाराला यादी लिहायला बसाल तेव्हा त्यातल्या चार ओळी वेगळ्या काढा. आणि वहीत जुनी बाकी असेल तर त्याच दिवशी चुकती करा.